प्रत्येक मुलाला नेमके काय समजले, हे शिक्षकाला दिसावे म्हणून शाळेत डिजिटल तंत्रज्ञान हवे

त्रिज्या

शाळेत डिजिटल तंत्रज्ञान हवे की नको, या वादात दोन्ही बाजूंचा बराचसा वेळ उपकरणांविषयी बोलण्यात जातो. मुलांना टॅब द्यावेत का, फळ्याच्या जागी मोठा पडदा लावावा का, दप्तरात मोबाइल असावा का, याच प्रश्नांभोवती चर्चा फिरत राहते. मला सुरुवात वर्गातल्या एका तासापासून करायची आहे. दशांश अपूर्णांक शिकवून झाल्यावर शिक्षक विचारतात, "समजले का?" आणि वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. आता ०.३५ आणि ०.४ यांतली मोठी संख्या कोणती, असे विचारून पाहा. काही मुले ०.३५ म्हणतात, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे आहेत. काही मुले ०.४ म्हणतात आणि त्यांचे उत्तर बरोबर ठरते. पण त्यांतल्या काहींच्या मनातले कारण असे असते, की दशांशचिन्हानंतर अंक जितके कमी तितकी संख्या मोठी. त्यांना ०.४५ आणि ०.४ यांची तुलना करायला सांगितली, तर ती तितक्याच खात्रीने ०.४ मोठी असल्याचे सांगतात. उरलेल्या मुलांना खरोखर समजलेले असते. या तीन गटांना तीन वेगवेगळ्या प्रकारची मदत हवी असते. पण शिक्षकाला हा फरक कळतो तो वह्या तपासल्यावर, आणि तोपर्यंत वर्ग पुढच्या प्रकरणात गेलेला असतो.

शाळांनी डिजिटल तंत्रज्ञान मनापासून स्वीकारावे असे मला वाटते, त्याचे पहिले कारण हेच आहे. विचारपूर्वक रचलेले चार प्रश्न मुलांनी संगणकावर सोडवले, तर कोणते मूल कोणत्या गैरसमजात अडकले आहे हे त्याच तासाला शिक्षकासमोर येते आणि उरलेल्या वेळात कोणाजवळ बसायचे हे ठरवता येते. चूक शोधण्यात जाणारा शिक्षकाचा वेळ वाचवावा आणि तो मुलाला समजावण्यासाठी मोकळा करावा, एवढे माझे मागणे आहे.

या विचाराला जुना आधार आहे. अमेरिकन शिक्षणमानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली असे मांडले होते, की एकेका विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे शिकवले आणि आधीचा घटक पक्का झाल्याशिवाय पुढे नेले नाही, तर सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील सरासरी विद्यार्थ्याच्या दोन प्रमाण विचलने पुढे जातो (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीपासून साधारणपणे किती लांब पसरलेले आहेत, याचे माप). इतका मोठा फरक पुढील संशोधनात टिकला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. संशोधक कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ साली घेतलेल्या आढाव्यात माणसाने दिलेल्या वैयक्तिक शिकवणीचा परिणाम ०.७९ प्रमाण विचलन, तर उदाहरणाची प्रत्येक पायरी तपासून सूचना देणाऱ्या संगणकप्रणालींचा ०.७६ आढळला. म्हणजे ब्लूम यांचा आकडा खाली आला, पण संगणकाची शिकवणी माणसाच्या शिकवणीच्या अगदी जवळ पोहोचली. प्रत्येक मुलाला खासगी शिक्षक देणे कोणत्याही शाळेला शक्य नसते, म्हणून हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो.

अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन यांचा दिल्लीतील माध्यमिक वयोगटाच्या मुलांवरचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. शाळेनंतरच्या केंद्रांत मुले काही वेळ सॉफ्टवेअरवर सराव करत आणि काही वेळ छोट्या गटात शिक्षकासोबत बसत. कोण कोणत्या इयत्तेत आहे याकडे न पाहता सॉफ्टवेअर त्याची खरी पातळी तपासून तेथून सुरुवात करत असे. साडेचार महिन्यांत या मुलांची प्रगती, सोडतीत प्रवेश न मिळालेल्या मुलांपेक्षा, गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनांनी अधिक झाली. वर्गात सर्वांत मागे असलेल्या मुलांनीही पुढच्या मुलांइतकीच मजल मारली. सहावीच्या पुस्तकासमोर बसलेले, पण तिसरीच्या गणितात अडकलेले मूल कोणत्याही शिक्षकाच्या डोळ्यांसमोर सहज येईल. त्या मुलासाठी रोजचा तास म्हणजे नुसते बसून राहणे असते.

दुसरे कारण स्मरणाचे आहे. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. छोट्या, गुण न मोजल्या जाणाऱ्या चाचण्या वारंवार घेणे इतके उपयोगी असूनही शिक्षक त्या घेत नाहीत, कारण तपासायला वेळ कोठून आणायचा? संगणक येथे थेट मदतीला येतो.

आपली मते वाचायला आवडतील, विशेषतः प्रत्यक्ष वर्गात शिकवणाऱ्यांची.

खडूफळा

त्रिज्या, दशांशाचे उदाहरण अगदी नेमके आहे. मी अनेक वर्षे गणित आणि विज्ञान शिकवतो आहे, आणि दुसऱ्या गटातली मुले वार्षिक परीक्षेपर्यंत कशी निसटत जातात हे जवळून पाहिले आहे. तरीही तुमच्या निष्कर्षाकडे येण्याआधी मला थोडा इतिहास आठवतो. चलच्चित्रांमुळे शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील आणि दहा वर्षांत शाळांची सारी पद्धत बदलेल, असे थॉमस एडिसन १९१३ साली म्हणाले होते. १९२०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी चाचणी घेणारे यंत्र बनवले, १९५०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी शिकवणारे यंत्र आणले. पुढे एका मुलामागे एक लॅपटॉप देण्याच्या मोहिमेत पेरू देशाने लाखो लॅपटॉप वाटले, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात गणित व भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. शाळांतील संगणकांवर मोठी गुंतवणूक केलेल्या देशांची वाचन, गणित आणि विज्ञानातील कामगिरी त्यामुळे उल्लेखनीय सुधारलेली दिसत नाही, असे ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या २०१५च्या अहवालानेही सांगितले. स्वीडनने २०२३ साली छापील पुस्तकांवर पुन्हा भर द्यायला सुरुवात केली, तीही याच अनुभवातून.

वाचनाविषयी मला अधिक काळजी वाटते. संशोधक डेल्गाडो आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, ज्यांत १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक सहभागी होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना तो पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा चांगला समजला, आणि वेळेचे बंधन असताना हा फरक वाढला. कथात्मक मजकुराच्या बाबतीत मात्र असा फरक दिसला नाही. शाळेत मुले जे वाचतात त्यातले बहुतेक माहितीपरच असते. अशा वेळी सगळी पाठ्यपुस्तके पडद्यावर नेण्याचा आग्रह मला समजत नाही.

माझा विरोध यंत्राला नाही. यंत्र आधी खरेदी केले जाते आणि त्याचे करायचे काय हे नंतर शिक्षकाने शोधायचे, या क्रमाला माझा विरोध आहे.

त्रिज्या

खडूफळा, या क्रमाबद्दल मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे आणि तुम्ही दिलेले दाखले माझ्या म्हणण्याला बळ देतात असे मला वाटते. पेरूमध्ये लॅपटॉप मुलांच्या हाती आले, पण ते कोणत्या पाठात, कशासाठी वापरायचे याची जोड फारशी मिळाली नाही. दिल्लीच्या अभ्यासात त्याउलट सॉफ्टवेअरची सुरुवातच मुलाची पातळी तपासण्यापासून होत होती आणि सोबत शिक्षक होता. दोन्हीकडे संगणकच होता. कामाची आखणी वेगळी होती.

दीर्घ वाचन कागदावरच राहू द्यावे, आणि लहान वयात हाताने लिहिणे तर नक्कीच राहू द्यावे. कागद जे काम उत्तम करतो ते त्याच्याकडून काढून घेण्याची काही गरज नाही. कागदाला जे जमतच नाही, त्यासाठी शाळेने पडद्याकडे वळावे. विजेचेच पहा. तारेतून विद्युतप्रवाह वाहतो असे पुस्तक सांगते, पण पहिल्या दिव्यात प्रवाह 'खर्च' होतो आणि दुसऱ्याला कमी मिळतो, हा गैरसमज चित्र पाहून जात नाही. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट या संगणकीय प्रतिरूपांच्या प्रकल्पात विद्युतमंडलाचे एक प्रतिरूप आहे; त्यात मुलाला इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, तार तोडता येते, घट वाढवता येतो, आणि चुकले तर काही जळत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या प्रतिरूपावर शिकलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना खऱ्या तारा-दिव्यांवर शिकलेल्यांपेक्षा संकल्पना अधिक चांगल्या समजल्या, आणि नंतर खरे मंडल जोडण्यातही ते सरस ठरले. प्रयोगशाळा बंद करा असा निष्कर्ष मी यातून काढणार नाही. खऱ्या तारेचा सैल सांधा शोधण्याचे शिक्षण पडद्यावर मिळत नाही, आणि तेही हवेच. पण आधी प्रतिरूप आणि मग प्रयोगशाळा, या क्रमाने शिकलेले मूल खऱ्या तारा हातात घेताना काय शोधायचे हे जाणून आलेले असते.

भूमितीचेही तसेच. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू ओढत नेला, तरी तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच राहते, हे जिओजेब्रासारख्या सॉफ्टवेअरमध्ये मूल स्वतः पाहते आणि मग "असे का?" हा प्रश्न त्याच्याच तोंडून येतो. सिद्धता शिकवण्याची खरी वेळ तीच.

स्पर्शलिपी

या चर्चेत अजून न आलेली एक बाजू मांडते. मी दृष्टिबाधित मुलांना शिकवते, आणि आमच्या वर्गात डिजिटल तंत्रज्ञान हवे का हा प्रश्न कधीच पडत नाही. ब्रेल पुस्तक छापील पुस्तकाच्या कित्येक पट जाड असते. एका पाठ्यपुस्तकाचे अनेक खंड होतात आणि सत्र सुरू झाल्यावरही ते हाती आलेले नसतात. तेच पुस्तक योग्य डिजिटल स्वरूपात असेल, तर मूल ते इतर मुलांबरोबर त्याच दिवशी वाचू लागते, स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने) ऐकून किंवा ब्रेल पटलावर (मजकूर उठावदार ब्रेल ठिपक्यांत दाखवणाऱ्या उपकरणावर) बोटांनी वाचून. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी घडवला. त्याचे काम २००६ साली सुरू झाले. त्याआधी अशा सॉफ्टवेअरची किंमत बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होती. २०१३च्या माराकेश कराराने दृष्टिबाधित वाचकांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती तयार करण्यातली आणि त्या देशोदेशी पाठवण्यातली कायदेशीर अडचण बरीच दूर केली.

पण येथे मला शाळांना कळकळीने काही सांगायचे आहे. पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून त्यांची पीडीएफ बनवली, म्हणजे पुस्तक डिजिटल झाले असे अनेकांना वाटते. त्या पानावर स्क्रीन रीडरला अक्षर सापडत नाही. त्याच्यासाठी ते एक चित्र असते आणि मुलाला फक्त शांतता ऐकू येते. आकृतीला वर्णन जोडलेले नसेल, गणिताची सूत्रे चित्ररूपात टाकलेली असतील, चाचणीचे ॲप केवळ माऊसनेच चालत असेल, तर आमचे मूल पूर्वीइतकेच बाहेर राहते. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी व्हिडिओखाली मजकूर नसेल, तर तो व्हिडिओ निरुपयोगी असतो. शाळेने कोणतेही साधन निवडताना असे मूल आपल्या वर्गात आहे असे धरूनच निवड करावी. वाचनाची विशिष्ट अडचण असलेल्या मुलांना मजकूर ऐकत ऐकत वाचता येतो, अक्षरे मोठी करता येतात, ओळींतले अंतर वाढवता येते. आणि हे सगळे वर्गात कोणी त्यांच्याकडे वळून न पाहता होते. त्याचे मोल त्या मुलांना विचारावे.

मागचा_बाक

मी पालक म्हणून लिहीत आहे. स्पर्शलिपी यांचा प्रतिसाद वाचून तंत्रज्ञानाकडे पाहण्याची माझी दृष्टी थोडी बदलली, तरी दोन शंका उरतात. पहिली लक्षाची. ज्या उपकरणावर अभ्यास, त्याच उपकरणावर खेळ, व्हिडिओ आणि गप्पा; मोठ्या माणसांनाही आवरत नाही, तेथे मुलांकडून संयमाची अपेक्षा कशी करायची? फ्रान्सने २०१८ साली कायदा करून शाळांत मोबाइल वापरावर बंदी घातली, ती काही तंत्रज्ञानाच्या द्वेषातून नव्हे. दुसरी शंका नोंदींची. मुलाने कोणता प्रश्न कितीदा चुकवला, किती वेळ अडखळले, हे सारे कोठेतरी साठते आहे. ते कोण पाहतो, किती वर्षे ठेवतो, कोणाला देतो? नववीत गणित कच्चे होते ही नोंद मुलाच्या मागे आयुष्यभर यावी असे कोणत्याही आईबापांना वाटणार नाही.

आणि घरी इंटरनेट नसलेल्या मुलांचे काय? युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२० साली सांगितले होते, की जगातील ३ ते १७ वयोगटातील दोनतृतीयांश, म्हणजे सुमारे १३० कोटी मुलांच्या घरी इंटरनेट नव्हते. महासाथीत शाळा बंद झाल्या, तेव्हा शिक्षण याच रेषेवर दुभंगले.

उंबरठा

मागचा_बाक यांच्या तिसऱ्या शंकेवर लिहितो, कारण शाळांमध्ये संगणक बसवणे आणि ते चालू ठेवणे हेच माझे काम आहे. घरी इंटरनेट नाही, हे शाळेत तंत्रज्ञान न आणण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट शाळेत ते असायलाच हवे, याचे ते सर्वांत भक्कम कारण आहे. ज्या मुलाच्या घरी संगणक आहे ते कसेही शिकेल. ज्याच्या घरी नाही, त्याला तो भेटण्याची एकमेव जागा शाळा आहे. अट एवढीच, की इंटरनेट लागेल असा गृहपाठ सक्तीचा करू नये. शाळेतही सतत इंटरनेट लागतेच असे नाही. कोलिब्रीसारखे सॉफ्टवेअर एका साध्या संगणकावर बसवले, की वर्गातली इतर उपकरणे इंटरनेटशिवाय त्याला जोडून धडे आणि सराव वापरू शकतात.

खर्चाबद्दल अनुभवाने एक सांगतो. खरेदीचा आकडा सगळे पाहतात; बिघडलेला चार्जर, संपलेली बॅटरी आणि विसरलेला पासवर्ड यांची तरतूद कोणी करत नाही. पाच मिनिटांत चालू होत नाही ते साधन शिक्षक तिसऱ्या वेळी वापरत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. एस्टोनियाने १९९६ साली टायगर लीप हा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा संगणक आणि जोडणीबरोबरच शिक्षकांच्या प्रशिक्षणालाही त्यात स्थान दिले. १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२ साली गणित आणि विज्ञानात एस्टोनिया युरोपात पहिला होता. हे यश केवळ संगणकांमुळे मिळाले असे म्हणणे चूक ठरेल. तेथील शिक्षकांना असलेले स्वातंत्र्य आणि शाळाशाळांमधली समानताही त्यामागे आहे. मात्र मनापासून डिजिटल झालेल्या देशाचे शिक्षण घसरतेच, ही भीती त्या उदाहरणासमोर टिकत नाही.

खडूफळा

आता कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल बोलायला हवे, कारण वर्गात आज तोच प्रश्न रोज समोर येतो. तुर्कस्तानातील सुमारे हजार शालेय विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग २०२५ साली प्रसिद्ध झाला. गणिताच्या सरावात ज्यांना चॅटबॉट खुला दिला होता, त्यांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली; पण चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा त्यांना कधीच चॅटबॉट न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के कमी गुण मिळाले. उत्तर मिळत होते, म्हणून विचार झाला नव्हता. माझ्या मनातली भीती या प्रयोगात उतरली आहे.

त्रिज्या

त्या प्रयोगात तिसरा गटही होता, खडूफळा. त्यांना दिलेला चॅटबॉट थेट उत्तर देत नव्हता. शिक्षकांनी त्यात नेहमीच्या चुका आणि त्यांवरच्या सूचना भरून ठेवल्या होत्या. या गटाची सरावातील कामगिरी १२७ टक्क्यांनी सुधारली आणि परीक्षेतले नुकसान जवळजवळ नाहीसे झाले. तथापि ही मुले परीक्षेत इतरांच्या पुढेही गेली नाहीत, हे विसरता कामा नये. सरावातले गुण म्हणजे शिकणे नव्हे, आणि ॲपच्या पडद्यावर चढत जाणारे आलेख पाहून समाधान मानणाऱ्या शाळांनी कागदावरची, मदतीशिवायची परीक्षा मधूनमधून घेतलीच पाहिजे. तरीही साधन शिक्षकाने घडवले की परिणाम किती बदलतो, हे त्या प्रयोगाइतके स्पष्ट मी अन्यत्र वाचलेले नाही. मुले चॅटबॉट वापरणारच आहेत. शाळेने दार लावून घेतले, तर ती पहिल्या गटासारखी एकटी वापरतील.

माहिती पारखण्याचे शिक्षणही शाळेनेच द्यायला हवे. स्टॅनफर्डमधील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांच्यापुढे संकेतस्थळे ठेवली. इतिहासकार आणि विद्यार्थी तेच पान वरपासून खालपर्यंत वाचत राहिले आणि त्याच्या देखण्या मांडणीला फसले. तपासनीसांनी काही क्षणांतच ते पान सोडले आणि इतरत्र जाऊन त्या संस्थेबद्दल कोण काय म्हणते ते पाहिले. ही सवय खडूने समजावून लागणार नाही. मुलांनी शिक्षकासमोर, खऱ्या इंटरनेटवर तिचा सराव करावा लागतो.

मागचा_बाक, तुमची नोंदींबद्दलची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर पालकांनी शाळेकडून लेखी मागावे: कोणत्या नोंदी साठतात, वर्ष संपल्यावर त्या पुसल्या जातात का, जाहिरातीसाठी त्या कोणाला दिल्या जातात का. समाधानकारक उत्तर नसलेले ॲप फुकट मिळाले तरी शाळेने नाकारावे.

लक्षाच्या शंकेवर मात्र एक सोपा मार्ग आहे. प्लिकर्स नावाच्या पद्धतीत मुलांच्या हाती फक्त कागदाची कार्डे असतात. प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी असते आणि ते चार बाजूंपैकी कोणतीही वर करून धरता येते; वर आलेली बाजू हे मुलाचे उत्तर. शिक्षक आपला एकच मोबाइल वर्गावरून फिरवतात आणि कोणी काय उत्तर दिले ते त्यांना लगेच दिसते. शेजाऱ्याला दुसऱ्याचे उत्तर सहजासहजी ओळखता येत नाही, आणि एकाही मुलासमोर पडदा नसतो. कार्डांवर मुलांच्या खऱ्या नावांऐवजी हजेरी क्रमांक वापरले, तर नोंदींचा प्रश्नही बराच हलका होतो. दृष्टिबाधित मूल असेल, तर कार्डाच्या चारही कडांवर ब्रेलमध्ये अक्षरे उमटवून द्यावी लागतील; स्पर्शलिपी, याबाबत आपण अधिक सांगू शकाल.

स्पर्शलिपी

कडांवर ब्रेल अक्षरे उमटवणे सोपे आहे, जाड कागदावर हाताने टोचूनही ती करता येतात. त्यासोबत शिक्षकांनी प्रश्न आणि चारही पर्याय मोठ्याने वाचावेत, आणि फळ्यावरच्या आकृतीकडे बोट दाखवून "हा कोन" असे न म्हणता कोनाचे नाव घ्यावे.

खडूफळा

पुढच्या आठवड्यात दशांशाच्या तासाला हे करून पाहतो. ०.३५ आणि ०.४ हा प्रश्न पहिला, आणि लगेच त्यामागे ०.४५ आणि ०.४. दोन्ही उत्तरे जुळवून पाहिली, की दुसऱ्या गटातली मुले वेगळी दिसतील, आणि त्यांच्यासाठी दशमान पट्ट्या आधीच काढून ठेवतो.